एक घर, एक कनेक्टर

घरातल्या वायरींचा गुंता सोडवायला इलेक्ट्रिशियन लागत नाही, डोकं लागतं! आणि माझं तर दोघांना पुरून उरेल. आमच्या कंपनीच्या गोदामातून पिशवीभर नवेकोरे कनेक्टर भंगारात निघाले. दणकट, फिरवले की खट्कन बसणारे. मी ठरवलं, स्पीकरला हेच लावायचे आणि मिक्सरलाही हेच!

"अहो, सगळे सारखेच दिसतायत," बायको म्हणाली. "अदलाबदल झाली तर?"

"घरात काय परकी माणसं राहतात?"

तिची काळजी वेगळीच होती. रविवारी घरी तिचं गाणं होतं. सासऱ्यांना कमी ऐकू येतं. लेक इतकी वर्षं गातेय, पण त्यांना ते धड कधी ऐकूच आलं नव्हतं. म्हणून तर मी हत्तीएवढा स्पीकर आणला! अॅम्प्लिफायर मात्र हॉलमध्ये शोभेना, तो ठेवला स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी.

रविवारी पाहुणे जमले. ज्यूस करायला मेहुणी आत गेली. ओटा पुसण्यासाठी तिने स्पीकरची आणि मिक्सरची, दोन्ही वायरी काढल्या आणि खट्कन परत बसवल्या. उलट्या! इकडे बायकोने सूर लावला, तिकडे मेहुणीने भिंतीवरचं बटण दाबलं. स्पीकर एकदाच डरकाळला आणि त्यातून धूर निघाला.

"भाऊजी!" मेहुणी आतून ओरडली. "मिक्सर फिरत नाहीये, नुसता गुणगुणतोय!"

पण आम्ही दोघं हटणारे नव्हतो. मी पेचकस घेऊन स्पीकरवर तुटून पडलो. बायको माइक घट्ट धरून जीव तोडून गातच राहिली.

"सुरू झालं का हो?" सासऱ्यांनी दोनदा विचारलं. मग बिचारे उठून पाणी प्यायला आत गेले. मला फार वाईट वाटलं.

बराच वेळ ते परतले नाहीत, म्हणून मी डोकावलो. सासरे ओट्यावर वाकून, मिक्सरला कान चिकटवून, डोळे मिटून मान डोलावत होते! गाण्याची वायर मिक्सरमध्ये गेली होती. त्याला फिरता येईना, म्हणून तो बायकोचं गाणं गात होता.

"जावईबापू," ते डोळे पुसत म्हणाले, "आज पोरीचं गाणं ऐकलं बघा! केवढी हुशारी तुमची!"

मी मान खाली घातली आणि हुशारी कबूल केली.

आता सासरे दर रविवारी येतात. मिक्सरच्या वायरीला हात लावायची मला सक्त मनाई आहे. आलेल्या सगळ्यांना ज्यूस मात्र लागतोच. तो मी हाताने पिळतो.