दहा टक्के मेंदूचा दाखला

मोरावा नदीकाठच्या एका सर्बियन गावात, नगरपालिकेच्या सभागृहात, बेलग्रेडहून आलेल्या एका वक्त्याने जाहीर केलं की माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो. नगराध्यक्षांनी लगोलग परिपत्रक काढलं: प्रत्येक कर्मचाऱ्याने मेंदूच्या वापराचा वैद्यकीय दाखला सादर करावा, दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा. जिथे जन्माचा दाखलासुद्धा सहा महिन्यांत शिळा होतो, तिथे मेंदूचं काय घेऊन बसलात!

जन्मनोंदीच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं बसलेल्या देसांकाबाई निर्धास्त होत्या. अख्ख्या गावाच्या जन्मतारखा त्यांना तोंडपाठ. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तिहोमिर यांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, थोतांड आहे सगळं! मेंदू पूर्ण वापरात असतो. तुमचा, आणि त्या अध्यक्षाचाही." त्यांनी शंभर टक्के लिहून शिक्का मारला.

कार्यालयप्रमुख ल्युबोद्राग यांनी दाखला वाचून सुस्कारा सोडला.

"शंभर? म्हणजे तुमच्यात सुधारणेला वावच नाही."

"पण साहेब, सगळं काम मीच करते ना?"

"तेच तर! सगळा मेंदू खर्चून तुम्ही खिडकीपर्यंतच पोचलात. मी बघा, चार टक्क्यांत प्रमुख झालो."

एक तारखेपासून नोकरी बंद. निवृत्तीला उरले होते अकरा महिने. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. राकियाची, म्हणजे तिकडच्या घरगुती फळांच्या दारूची, बाटली पिशवीत घालून त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या.

"डॉक्टर, नऊ लिहा."

"खोटं लिहू?"

"मग इतकी वर्षं डोकं लावून काम केलं, त्याची ही शिक्षा भोगू?" बाईंचे डोळे भरून आले. डॉक्टर विरघळले आणि नऊ लिहून मोकळे झाले.

नोकरी वाचली. अट एकच: वापर वाढता कामा नये. आता कुणी जन्मतारीख विचारली, की बाई हसून म्हणतात, "रजिस्टर बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात या."

हा हा म्हणता कमी टक्क्यांच्या दाखल्यासाठी दवाखान्यापुढे रांग लागली. "आमच्या मिलुतिनला पाचच लिहा हो. पोरगा हुशार आहे, पण डोकं वापरत नाही!" चौथ्या दिवशी डॉक्टरांचा तोल सुटला. ते पायरीवर येऊन ओरडले, "लोकहो, डोक्यात काहीही राखून ठेवलेलं नाही! जेवढं दिसतंय, तेवढंच आहे!"

एवढा अपमान गावाने आजवर सोसला नव्हता. डॉक्टरांची बदली करा, अशा गावाच्या अर्जावर पहिली सही देसांकाबाईंची पडली. डॉक्टर खरे ठरले असते, तर बाईंची नोकरी गेली असती. सही करताना बाईंना फार वाईट वाटलं.

तुम्ही नाकं मुरडू नका. उद्या तुमच्या दारात येऊन कुणी तोंडावर सांगितलं, की बाबा रे, तू आहेस तो एवढाच, तर त्याला आत बोलावून चहा विचाराल?