मानमोडीला ढोली हवी होती

एका जंगलात, मुलांनो, सुतार पक्ष्यांचं फार मोठं घराणं राहत होतं. तांबड्या तुऱ्याचं, कडक शेपटीचं आणि त्याहून कडक मतांचं. पहाटे उठून खोडावर चोच आपटायची आणि सगळ्या रानाची झोप मोडायची, याला ते संस्कार म्हणत.

थंडीच्या सुरुवातीला तिथे मानमोडी आली. वाळक्या सालीच्या रंगाची, लहानखुरी, दूरच्या डोंगरांतून उडून दमलेली. ती सुतारांचीच चुलत नातेवाईक. पण तिच्या नाजूक चोचीने लाकूड फुटत नसे. ती जमिनीवरच्या मुंग्या टिपून खाई आणि दुसऱ्याने कोरून सोडलेल्या ढोलीत राही. घाबरली की तिची मान सापासारखी वळे आणि ती फुसफुसे.

उंबरावर एक ढोली रिकामी होती. मानमोडीने ती घराण्याचे वडीलधारे ठोकाजीआबा यांच्याकडे मागितली. गारठा वाढत होता, शिकरा रोज घिरट्या घालत होता. ढोली मिळाली नसती तर तिचा काही निभाव लागणार नव्हता.

आबांनी तिचे पाय पाहिले. दोन बोटं पुढे, दोन मागे. जीभ पाहिली, भली लांब. रक्त आपलंच, हे त्यांनी मान्य केलं. पण रीत म्हणजे रीत. ढोली हवी, तर आधी सर्वांसमक्ष एक ढोली कोरून दाखवायची.

"आबा, कोरता आली असती तर मागायला कशाला आले असते?"

"तेच म्हणतो मी, पोरी. कोरता येत नाही त्याला ढोली द्यायची, तर रीत राहिली कुठे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आजवर ज्यांना ढोली मिळाली त्यांना तिची गरजच नव्हती, त्यामुळे तक्रार कधी आली नव्हती. मानमोडीने बिचारीने चोच आपटून पाहिली. सालीचा कपटाही निघाला नाही. मला या आबांचा भारी राग येतो, पण गोष्ट तर पुढे सांगायला हवी.

संध्याकाळी शिकरा अंगावर आला, तशी ती जीव मुठीत धरून त्याच ढोलीत शिरली. जरा वेळाने आबा ढोलीची पाहणी करायला आले आणि आत डोकावले. मानमोडी दचकली. मान गर्रकन फिरली, फूत्कार बाहेर पडला. आबा तुऱ्यासकट मागच्या मागे उडाले.

पण आबा कसले घाबरतात? त्यांनी घराण्याला जमवून सांगितलं की साधा साप असता तर त्याने मला गिळलं असतं. ज्याअर्थी गिळलं नाही, त्याअर्थी हे जागृत नागोबा आहेत.

दुसऱ्या दिवसापासून ढोलीच्या तोंडाशी मुंग्यांच्या ताज्या अंड्यांचा नैवेद्य येऊ लागला. नागोबांना ढोली कोरता येते का, हे कुणी विचारलं नाही.

एका सकाळी नैवेद्य ठेवता ठेवता आबा म्हणाले, "ती मानमोडी थंडीत गेली वाटतं. काही म्हणा, होती आपल्याच रक्ताची."

आत मानमोडीला भरून आलं. बाहेर येऊन आबांच्या पाया पडावं, असं तिला फार वाटलं. मग तिने बाहेरच्या गारठ्याकडे एकदा पाहिलं, आणि चांगली मोठ्याने फुसफुसली.

तात्पर्य : नातेवाइकांच्या दारी गेल्यावर नातं सांगू नये. आपण साप आहोत असं सांगावं. राहण्याबरोबर जेवणाचीही सोय होते.