आठ सीटांची गाडी

तू मधे बोलू नको, फक्त ऐक. पवन आठवतो ना, अनसिंगचा, वांगीवाला? तोच. त्याच्या लग्नाला या मे महिन्यात वर्ष झालं, आणि या वर्षात त्या नवरा-बायकोनं सलग एक तास एकमेकांशी बोलून पाहिलं नव्हतं. मी मजाक नाही करत. पहाटे चारला वांगी तोडायची, कॅरेट भरायचे, वाशीमच्या बाजारात न्यायचे, परत येऊन पाणी द्यायचं. घरात खोल्या दोन, माणसं चार. बोलायला तोंड उघडलं की तिकडून आवाज, "सुचिता, चहा ठेव वं."

तर मे महिन्यात विहीर आटली, वांग्याचं पीक मोडलं, आणि पवन पहिल्यांदाच रिकामा झाला. सुचितानं मोबाईल समोर धरला. दापोलीकडचं कुठलंसं गाव. जंगल उतरत उतरत थेट समुद्रात पाय सोडून बसलंय, असा फोटो.

"मले एक तास पायजे," ती म्हणाली. "या समुद्राजवळ. तुमी न मी. चहा ठेवा म्हणणारं कोणी नाई पायजे."

"एक तास काय मांगतं? तीन दिवस नेतो," पवन म्हणाला.

हा एक तास ध्यानात ठेव. बाकी सगळं विसरला तरी चालेल.

पवननं राहायची जागा बुक केली, लक्झरीची तिकिटं पण बघितली. तेवढ्यात हेमसिंग आला. त्याचा शाळेतला दोस्त, त्याची स्वतःची भाड्यानं चालणारी गाडी आहे. "लक्झरीनं जातं? कमरेचं भुसकट होईन. माह्या गाडीनं चाल ना बे. मले बी समुद्र पाहाचा आहे." पवन खूष. आणि त्या खुषीत त्यानं आईला, म्हणजे आवडाबाईला, सांगून टाकलं की हेमसिंगची गाडी आहे, ऐसपैस, आठ सीटांची.

आवडाबाई भाकर थापत होत्या. हात थांबला.

"आठ सीटांची गाडी अन् तुमी दोघं? सहा सीटा रिकाम्या नेता?"

"सहा नाई माय. हेमसिंग धरला त पाच."

हे गणित त्यानं करायला नको होतं. आपल्याकडं कसं आहे, तुला माहीतच आहे. गाडी रिकामी नेणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. लग्नाला जाणारी असो की दवाखान्यात जाणारी, सीट रिकामी दिसली की माणसाचा जीव तुटतो. संध्याकाळपर्यंत पाचही भरल्या. आवडाबाई एक. पवनचे वडील चंपतभाऊ दोन. केनवडची रुखमामावशी तीन, कारण केनवड वाटेवरच आहे. आणि शेजारचे माणिकराव अन् लिलाबाई, चार आणि पाच, कारण माणिकराव पोस्टातून रिटायर झाल्यापासून घरी बसून लिलाबाईंचं डोकं खात होते.

सुचितानं पवनकडं फक्त पाहिलं. पवन म्हणाला, "तिथं गेल्यावर पाहू ना."

सामान म्हणशील तर ज्वारीचं पीठ, ठेचा, तवा आणि शेवटच्या तोड्यातली अर्धं पोतं वांगी. "तिकडं भाजी भेटते का नाई भेटत," आवडाबाई म्हणाल्या. पहाटे निघाले. मेहकर गेलं, जालना गेलं, नगर गेलं, पुणं गेलं, घाट लागला. आवडाबाई मधल्या सीटवर, पदर तोंडावर बांधून, नाकाला लिंबू लावून बसल्या. गाडी लागते त्यांना. डोळे उघडत नाहीत, पण तोंड चालू. मागं कोणालाही लिंबू द्यायचा असला की न पाहता हात मागं करतात.

आणि चंपतभाऊंचं काम मोजणी. जन्मभर अंधारात वांग्याचे कॅरेट मोजलेला माणूस. कॅरेटमधे काय आहे ते बघत नाही, वर हात ठेवतो आणि आकडा बोलतो. दर थांब्यावर खिडकीतून हात घालून एकेक डोक्यावर टपली. "सात... अन् मी आठ. चाल रे हेमसिंग." आठ ऐकल्याशिवाय हेमसिंग किल्ली फिरवत नाही. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर सोळा तासांत नऊ वेळा टपली पडली तर काय होतं, ते पवनला विचार.

पोचले, तर सगळ्यांचे पाय सुजलेले. घरमालकीण काकू बिचारी दारात ताक घेऊन उभी. तिचं ताक हातातच राहिलं, आवडाबाई सरळ तिच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. तीन दिवस त्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला विचारावं लागलं. आणि फोनला रेंज नाही. काकू म्हणाली, "रेंज हवी तर खाली किनाऱ्यावर, सुरूच्या झाडापाशी उभं राहायचं."

पहिल्या दिवशी जंगलातली पायवाट. काकूनं बजावून सांगितलेलं, "आवाज करू नका, मोठमोठी पाखरं दिसतात, नशीब असेल तर भेकर, म्हणजे छोटं हरीण, दिसतं." पवननं सुचिताला खूण केली. दोघं भरभर पुढं निघाले. वरून फणसाचा वास, बाजूला करवंदाची जाळी. सुचितानं एक करवंद तोडलं, पवनच्या तोंडासमोर धरलं.

"अवं पवनच्या माय!" मागून लिलाबाईंची आरोळी. "हे सरपण पाह्य किती पडून राह्यलं! काडीले काडी वाळेल!"

संपलं. बघ, ज्या बाया जन्मभर बांधाबांधानं काड्या वेचत फिरल्या, त्यांना वाळलेल्या लाकडावरून नुसतं चालत जायला सांगणं म्हणजे छळ आहे. तिघी वाकल्या. पदर खोचले. कडाकड मोडामोड सुरू. तालुक्यातली सगळी पाखरं उडाली असतील. चंपतभाऊ कंबरेवर हात ठेवून झाडांकडं बघत होते. "एवढी जागा पडीत? अन् पाणी असून! काहून काही पेरत नसतीन हे लोक?"

"बाबा, हे जंगल आहे," पवन म्हणाला.

"ते दिसून राह्यलं मले. पण काहून?"

माणिकराव म्हणाले, "चंपतभाऊ, ते निसर्ग पाहाले ठेवलं."

"पाहून झालं की मंग त पेरतीन?"

परत येताना तीन बायांच्या डोक्यावर मोळ्या. चौथी मोळी सुचिताच्या. सासू उचलून चालली आणि सून मोकळ्या हातानं, असं कसं दिसेल? काकू अंगणातून बघतच राहिली. नंतर तिनं हळूच पवनला सांगितलं की दादा, इथं लाकूड उचलायला बंदी आहे. मग पवन एकटा चारही मोळ्या परत ठेवून आला. चार खेपा. चढ.

दुसऱ्या दिवशी समुद्र. आवडाबाईंनी पाणी बघितलं आणि हुकूम काढला, "कोणी कोणाचा हात सोडाचा नाई." घोट्याएवढ्या पाण्यात सातही जणांची साखळी. हेमसिंग फोटो काढायला बाहेर. एका टोकाला पवन. मग चंपतभाऊ, आवडाबाई, रुखमामावशी, लिलाबाई, माणिकराव. आणि पार दुसऱ्या टोकाला सुचिता, माणिकरावांचं एक बोट धरून. लाट आली की सगळे एकदम "ओ माय!" करून मागं. लाट गेली की पुढं. एक तास हेच. तास मिळाला, बघ. पण हा तो तास नव्हता.

संध्याकाळी वांग्याची भाजी. तिसऱ्यांदा. काकूनं मासळी आणलेली, ती रुखमामावशीची माळ आहे म्हणून परत गेली. आणि आवडाबाई म्हणाल्या, "सुचिता, चहा ठेव वं." तेव्हा पवनचा तोल गेला.

"याच्यापेक्षा आमी लक्झरीनं आलो असतो त बरं! जाताना जातोच आमी लक्झरीनं!"

आवडाबाई म्हणाल्या, "थकला पोरगा. जाऊ द्या." बाकीचे विसरले. पण माणिकराव पोस्टातले. त्यांच्याकडं एखादी गोष्ट पोचली की पोचली. त्यांनी मनात नोंद केली, पवन न सुचिता लक्झरीनं जाणार, दोन सीटा रिकाम्या.

तिसऱ्या दिवशी आठला निघायचं ठरलेलं. सुचितानं पवनला सहालाच हलवलं. "चला. आता नाई त कधीच नाई." चपला हातात घेऊन, चोरासारखे, जंगलातून पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर गेले. कोणी नाही. लांबवर एक होडी. पाणी एकदम शांत. एका झाडाला टेकून बसले. सुचिता म्हणाली, "बोला आता."

पवन म्हणाला, "तू बोल."

"नाई, तुमी बोला."

आणि दोघं झोपले. अरे झोपले! सोळा तासांचा प्रवास, नऊ टपल्या, चार खेपा, एक तास साखळी, आणि त्याच्या मागं वर्षभराची पहाटेची चार. पाठ टेकल्यावर काय होणार? ऊन तोंडावर आलं तेव्हा सुचिताला जाग आली. साडेदहा. तिच्या खांद्यावर पवनचं डोकं, तोंड उघडं.

धापा टाकत घरी आले, तर अंगण रिकामं. पायरीवर उरलेली वांगी. काकू म्हणाली, "अहो, तुमची माणसं आठलाच गेली की! मला म्हणाले, वांगी ठेवा तुम्हाला."

"अन् आमी?"

"तुम्ही पण गेलात ना? मी मोजताना ऐकलं. आठ म्हणाले."

पवन मटकन पायरीवर बसला. सुचितानं त्याच्याकडं बघितलं, वांग्यांकडं बघितलं, आणि हसायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

फोन लावायला पुन्हा खाली किनाऱ्यावर गेले. रेंज आली आणि फोन वाजलाच.

"पवन्या!" आवडाबाई. "जिता आहेस का बाप्पा? घाट चढाच्या आधी चहाले थांबलो. मी दोन घंट्यापासून मागं लिंबू देऊन राह्यलो. म्हणलं, सुचिता, घे. तिनं घेतला बी! म्हणलं, पवन, बायकोले खिडकीजवळ बसव. तो हो म्हणे! आता पदर सोडून पाह्यतो त कोण्या दुसऱ्याची सून!"

मागून माणिकरावांचा आवाज, "वयनी, ते नरेंद्र सर न उज्ज्वलाताई आहेत. आपल्याच रिसोडकडचे. तिथल्या शाळेवर असतात. सुट्टीले गावाकडंच चालले होते, सकाळी निघाच्या आधी तिथल्या चहाच्या दुकानात भेटले. पवन त लक्झरीनं जातो म्हणला होता. दोन सीटा रिकाम्या काहून नेता, म्हणून मीच म्हणलं, बसा मागं."

"माय, तुमी गाडी फिरवू नका," पवन घाईनं म्हणाला.

"फिरवतो न! तुमाले टाकून जाऊ का?"

मग फोन चंपतभाऊंनी घेतला. शांतपणे म्हणाले, "फिरवून काय करता? आठ सीटा, आठ माणसं. गाडी फुल आहे. तुमाले बसवाले जागा कुठी आहे?" आणि फोन बंद झाला.

पवननं सुचिताला सांगितलं. गाडी फुल आहे. ज्या रिवाजानं त्यांच्या सहलीचा भुगा केला, त्याच रिवाजानं त्यांना किनाऱ्यावर मोकळं सोडलं. रात्रीची लक्झरी, हातात अख्खा दिवस. सुचितानं साडी थोडी वर धरली आणि पाण्यात पाय टाकले. हात धरायला कोणी नव्हतं, तर तिनं पवनचा धरला. म्हणाली, "आता बोलते मी. तुमी झोपू नका." आणि ती बोलायला लागली. पहिलंच वाक्य होतं, "मले ना, लय दिवसांपासून तुमाले एक सांगाचं होतं..."

फोन वाजला. आई.

"उचला," सुचिता म्हणाली. "नाई त त्याहिले वाटन, बुडालो."

"पवन," आवडाबाईंचा आवाज एकदम मऊ. "गाडी फुल आहे ना, म्हणून मी न रुखमा उतरून राह्यलो. आमी एष्टीनं येतो तुह्याकडं वापस. परक्या गावात दोघंच एकटे कसे करसान रे? पोरगी घाबरन. लिंबू घेतले मी, काळजी करू नको. आमच्या दोन सीटांवर बसाले इथं माणसं बी भेटली. एष्टी समोरच उभी आहे. फक्त सांग, येऊ न?"

तीन दिवसांत पहिल्यांदा रेंज पूर्ण होती. आवाज एवढा साफ की आईचा श्वास ऐकू येत होता. एष्टीचा कंडक्टर घंटी मारत होता, तीही ऐकू येत होती. सुचितानं पवनचा हात सोडला नव्हता, पण ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती समुद्राकडं बघत होती, आणि तिचं वाक्य अजून अर्धंच होतं.

आता तू सांग. आई विचारते, येऊ न? तू असता तर काय म्हणला असता?