सिस्टरच्या फ्लॅटचं थेट प्रक्षेपण

घरं विकावीत तर माझ्यासारख्याने! बारा वर्षं झाली या धंद्यात. उन्हाने भाजून निघणारी खोली मी 'प्रकाशमय' म्हणून विकली आहे आणि खिडकीच नसलेली 'शांत' म्हणून! पण सिस्टरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आठ महिने काही खपेना. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेल्या. जाताना माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाल्या, "विकून टाका. इथं आता माझं कोण आहे?"

शेवटी ठरवलं, लाइव्ह व्हिडिओ करायचा! लोक घरबसल्या घर बघणार आणि घरबसल्या घर घेणार!

रविवारी सकाळी अकराला कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी हॉलमध्ये उभा राहिलो. मोबाइल बायकोच्या हातात.

"नमस्कार मंडळी! तुमच्या स्वप्नातलं घर..."

"अहो, चौदा जण बघतायत. त्यातले नऊ आपलेच नातेवाईक."

"मध्ये बोलू नकोस! लाइव्ह आहे!"

हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं. पाण्याला जोर किती आहे ते दाखवायला नळ सोडला. तो सगळा जोर माझ्या शर्टावर आला, पण मी हसत राहिलो. मग बेडरूम.

"अहो, सिस्टर काहीतरी लिहितायत..."

"त्यांना म्हणावं नंतर! मंडळी, हे दार बघा. अस्सल सागवान! एकदा लावलं की जगाशी संबंध तुटला!"

असं म्हणून मी आत शिरलो आणि दार धाडकन लावून घेतलं. उघडायला गेलो, तर मूठ हातात आली. नुसती मूठ! दार आपलं जागच्या जागी, लग्नाच्या फोटोत रुसून बसलेल्या आत्याबाईंसारखं!

बाहेरून बायको मोठ्याने वाचू लागली, "'बेडरूमचं दार लावू नका, अडकतं.' असं लिहिलंय सिस्टरनी."

"हे आत्ता सांगतेस?"

"मघापासून तेच सांगत होते! थांबा, वॉचमनकडून स्क्रू ड्रायव्हर आणते."

मोबाइल टीव्हीच्या कपाटावर टेकवून, बाहेरचं दार उघडंच टाकून ती खाली गेली. लाइव्ह बंद करायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं!

मी दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली. समोरच्या काकूंनी ती धडधड ऐकली.

"अगं बाई! सिस्टर परत आल्यात! आत पडल्या वाटतं!"

झालं! दोन मिनिटांत अख्खी इमारत हॉलमध्ये!

"सिस्टर, घाबरू नका, आम्ही आलो!"

"मी सिस्टर नाही!" मी ओरडलो.

"ऐकलंत? बिचारीचा आवाज किती बसलाय!" काकू रडवेल्या झाल्या.

वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका दाराशी आले. "सिस्टर, माझा ताप उतरेपर्यंत तुम्ही उशाशी बसून होतात. आता मी इथून हलायचा नाही!"

"अहो, मी एजंट आहे, एजंट!"

"तापात बरळतायत," तळमजल्यावरच्या आजोबांनी निदान केलं. "तोडा दार!"

शिंपीकाका आणि आणखी दोघांनी खांदा लावला. तिसऱ्या धडकेला दार उघडलं आणि थेट माझ्या नाकावर आदळलं. सगळे आत घुसले, तर मी फरशीवर बसलेला, हातात मूठ.

इतकी पडलेली तोंडं मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती!

"इश्श! हे तर एजंट!" असं म्हणून काकूंनी सिस्टरसाठी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

तेवढ्यात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बायको पोहोचली. मोबाइल उचलून किंचाळलीच, "अहो! सहा हजार लोक बघतायत!"

सहा हजार! नाक चोळत मी उठलो, शर्ट सारखा केला. एवढ्यांत एक तरी गिऱ्हाईक निघणारच!

आणि काकूंचा फोन वाजला. सिस्टर! काकूंनी स्पीकर लावला. पलीकडून हसू येतंय की हुंदका, काही कळेना.

"सगळं बघितलं मी," सिस्टर म्हणाल्या. "अगं, मला वाटलं होतं, मला विसरलात तुम्ही..." मग बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज. "एजंटसाहेबांना सांगा, फ्लॅट विकायचा नाही. पुढच्या आठवड्यात मी परत येतेय!"

एकच जल्लोष! आजोबांनी तर आनंदाच्या भरात मलाच मिठी मारली. मीही टाळ्या वाजवल्या. दुसरं करणार काय?

आठ महिन्यांच्या खटपटीनंतर माझ्या व्हिडिओने अखेर एका माणसाला तो फ्लॅट पटवून दिला होता. फक्त तो आधीपासून त्यांचाच होता!