पाटीवरचा नेम

रविवार असूनही शाळा उघडी होती. आत पोर एकही नव्हतं; पाच मास्तर मात्र पोरांच्या बस्करांवर मांड्या घालून बसले होते.

हातकणंगले स्टेशनापासून दोन कोसांवरची ही शाळा. महाराजांनी शिक्षण सक्तीचं केल्यापासून पोरं दुप्पट झाली होती, मास्तर होते तेवढेच राहिले होते. मास्तरांनाच शिकवायला कुणी येईल अशी आशा नव्हती. म्हणून आसपासच्या गावच्या मास्तरांनी आपसांतच ठरवलं होतं : महिन्यातून एक रविवार जमायचं आणि ज्याला जे साधलंय ते त्यानं इतरांना शिकवायचं. त्या दिवशी पाळी इथल्याच धाकट्या मास्तरांची, निसारमास्तरांची होती.

"आपण पोरांना सांगतो, हे करा, ते करा," निसारमास्तर म्हणाले. "त्यांनाच इचारलं तर? सोमवारी पोरानं पाटीवर लिवायचं, ह्या आठवड्यात मी काय साधणार. शनिवारी त्यानंच सांगायचं, किती जमलं, आन् न्हाय जमलं तर का."

"आंबं पाडनार, आसं लिवतील की!" हेडमास्तर गणपतराव म्हणाले. मास्तरमंडळी हसली. "आन् जमलं न्हाय म्हनून कबूल कोन करंल? मी तर बापजन्मात केलं नसतं."

"मग आधी आपणच करून बघू या."

फळीवरच्या पाट्या पाचांना वाटल्या गेल्या. नाव लिहायचं नाही आणि कुणाचं अक्षर कुणी ओळखायचं नाही, असा करार झाला. मास्तरमंडळी एकमेकांकडे पाठ करून, परीक्षेला बसल्यासारखी, लिहू लागली. गणपतरावांनी तर लिहिताना पाटीवर उपरणं झाकून घेतलं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गाडीची वेळ झाली!" बाहेरगावचे तिघे धोतराचे सोगे सावरत स्टेशनाकडे पळाले. पाट्या होत्या तिथेच राहिल्या. निसारमास्तर पाव्हण्यांना पोहोचवायला गेले आणि गणपतरावांनी झाडलोट करताना सगळ्या पाट्या गोळा करून फळीवर ठेवून दिल्या. पुसायचं मात्र राहून गेलं, स्वतःच्या पाटीवरचंसुद्धा.

सोमवारी निसारमास्तरांनी दुसरीच्या पोरांना पाट्या वाटल्या, आठवड्याचा नेम लिहायला सांगितला आणि बजावलं, "ह्यावरचं शनिवारपतुर पुसायचं न्हाय. घरी न्या, आईबाला दावा."

चाळीसातल्या पाच पोरांच्या पाट्यांवर आधीच लिहिलेलं होतं. मास्तरांनी आपल्यासाठी मुद्दाम लिहून दिलंय, असं त्यांना वाटलं. कुणी काही विचारलं नाही. माना खाली घालून बसलेला वर्ग बघून निसारमास्तर मनातल्या मनात खूश झाले.

मंगळवारी सकाळी बायडाबाई शाळेच्या पायरीवर उभी राहिली. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात तिच्या तानीचं मनगट.

"मास्तर, भाईर या! माजी पोरगी तंबाखू खाती म्हनून कुनी सांगितलं तुमास्नी?"

निसारमास्तरांनी पाटी वाचली. 'तंबाखू सोडणे', ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं.

"आवं, सात वर्साची हाय ती! काल गल्लीत सगळ्यांस्नी वाचून दावलीया तिनं. आता हिला कोन करून घील?"

मागून हंबीरराव आला. त्याच्या लेकाच्या पाटीवर होतं, 'सासऱ्याशी पुन्हा बोलू लागणे'. "मास्तर, आमच्या पोराचं लगीन कवा लावलंसा? आमाला बोलवायचं तरी हुतं!"

वर्गातली पोरं खदखदायला लागली. निसारमास्तरांच्या सगळं ध्यानात आलं. पण करार आठवला आणि ते म्हणाले, "बायडाबाई, चूक माझी. ते मीच लिवलं, माझ्यासाठी."

"तुमी?" बायडाबाईनं त्यांना वरखाली न्याहाळलं. "तुमी सुपारी बी खात न्हाईसा. आमाला खुळं समजतासा? चल गं तानी. महाराजांच्या म्होरं उभी ऱ्हाईन, पर ह्या शाळंत पोरगी धाडनार न्हाय!"

ती वळली. हंबीररावही पोराचा हात धरून निघाला. दोन पोरं गेली की मागून दहा जातील, हे गणपतरावांना चांगलं माहीत होतं. ते आतल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांचा हात नकळत कमरेच्या चंचीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"बायडाबाई," ते घसा खाकरून म्हणाले, "अक्षर माजं हाय. तंबाखू मी खातो. सोडायची म्हनून लिवलं."

वर्गातली पोरं माना वळवून बघू लागली. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं पाढे विसरत, ते हेडमास्तर कानापर्यंत लाल झाले होते.

बायडाबाईचा आवाज एकदम खाली आला. "मग? सुटली का?"

"काल दुपारपतुर सुटली हुती," गणपतराव म्हणाले. "जेवनानंतर खाल्ली. सांजच्याला पुन्यांदा. रोजच्या सात चिमटींच्या ठिकानी दोन झाल्या."

"दोन म्हंजी बरंच की!" पाठीमागून तानी म्हणाली. बायडाबाई हसली, मग हंबीररावही हसला. गणपतरावांना मात्र पोरीची ती शाबासकी एखाद्या सर्टिफिकेटासारखी वाटली. हंबीररावानं लेकाचा हात सोडला.

शनिवारी पोरं एकेक करून उभी राहिली आणि धडाधड बोलली. "माजा पाढा झाला न्हाय, म्हसरामागं गेलतो." "मला जोडाक्षरं जमली, पर 'क्ष' न्हाय." कुणी रडलं नाही, कुणी थाप मारली नाही. हेडमास्तरच खरं बोलतात म्हटल्यावर खोटं बोलायची सोयच उरली नव्हती.

पुढच्या सोमवारी बायडाबाई पुन्हा पायरीवर आली. या खेपेला तिनं मनगट धरलं होतं ते नवऱ्याचं, कृष्णातचं.

"ह्यास्नी बी एक पाटी द्या. ह्यांची तंबाखू सुटाय पायजे."

गणपतरावांनी कृष्णातला तानीशेजारी बसवलं. लिहिता येत नसल्यानं तो तानीच्या कानात काहीतरी पुटपुटला. तिनं मान तिरकी करून सावकाश लिहिलं. बायडाबाई दारातून अधीरतेनं म्हणाली, "काय लिवलंस गं? तंबाखूच नव्हं?"

तानीनं पाटी उंच धरून वाचलं, "माझे नाव लिहिण्यास शिकणे."

बायडाबाईनं पदर खोचला. मग ती आत आली, मुलींच्या रांगेत जागा करून बसली आणि म्हणाली, "मग माजं बी लिव."