सटवाच्या हलगीवर पहिलीचा धडा

माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती सहसा फसत नाही. हे मी स्वतःच सांगतोय म्हणून हसू नका!

दिंद्रुडपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी निजाम सरकारचा मास्तर होतो. शाळा देवळाच्या ओसरीवर, पटावर पोरं अकरा. एक दिवस वरून हुकूम आला: 'शाळा तपासणारे मोहतमिम साहेब महिन्याभरात येतील. वीस मुलं दिसली नाहीत, तर शाळा बंद!' शाळा बंद म्हणजे मला सासऱ्यांच्या दुकानात गूळ फोडायला बसावं लागणार. सासरे तर वाटच बघत होते.

मी विचार केला. पोरं शाळेत काय शिकतात हे लोकांना कळतच नाही, म्हणून ते पाठवत नाहीत. कळवावं तर वाचता कुणाला येतंय! मग मी सटवाला गाठलं. सटवा म्हणजे गावचा दवंडीवाला. पहिलीची पोरं या हप्त्यात काय शिकली, ते त्यानं दर शनिवारी हलगी वाजवून गावभर सांगायचं, असं ठरलं. आहे की नाही डोकं?

पहिला शनिवार उजाडला आणि सटवा चौकात ओरडला, "ऐका हो ऐका! निजाम सरकारचा हुकूम हाय! पयलीची पोरं ईसपतोर मोजाया शिकली होऽऽ!"

"अरे सटवा, हुकूम कसला? मी शिकवलंय ते!"

"मास्तर, बापजाद्यापासून दवंडी अशीच सुरू हुत आलीया. हुकूम म्हनल्याबिगर माझं तोंडच उघडत न्हाई."

म्हटलं, जाऊ दे. तिथंच मी घसरलो!

रविवारी बघतो तर गावात औषधाला शेळी नाही! सगळी जनावरं ओढ्यापलीकडं. सरकार मोजायला लागलं म्हणजे गुरांवर पट्टी बसणार, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? आणि यंदा तर मोजणीला पोरंच ठेवलीत, असं पारावर ठरूनही गेलं.

दुसऱ्या हप्त्यात पोरं शेर, पायली, मण शिकली. सटवानं तसं सांगितलं, हुकमासकट! रातोरात गावातलं धान्य जमिनीखालच्या पेवांत गेलं. पेवावर माती, मातीवर सारवण आणि सारवणावर एकेक म्हातारी बसलेली. मी पाटलांकडं धावलो.

"आप्पाराव, अहो ही नुसती शाळा आहे! लोकांना समजवा जरा."

"मला कळतंय की मास्तर," पाटील म्हणाले. पण स्वतःच्या पेवावर त्यांनी बाज टाकली होती आणि तिच्यावरून काही केल्या उठेनात.

तिसऱ्या हप्त्यात मी सावध झालो. म्हटलं, कुणाला धसका बसणार नाही असा धडा घेऊ. आरोग्याचा! हात धुवावेत, नखं काढावीत, घरात मेलेला उंदीर दिसला तर मोठ्यांना सांगावं.

उंदीर! माझी मती कुठं गेली होती, देव जाणे. मेलेला उंदीर म्हणजे प्लेग आणि प्लेग म्हणजे सुई टोचणारे डाक्टर! रविवारी सकाळी अख्खं गाव रिकामं. लोक गाडग्या-मडक्यांसकट रानात झोपड्या घालून बसले. आणि मंगळवारी मोहतमिम साहेब हजर!

बैलांच्या दमणीतून उतरून त्यांनी चहूकडं नजर फिरवली. "मास्टर, गाव कहाँ है?"

"रानात आहे, हुजूर."

मी त्यांना आमराईत घेऊन गेलो, आणि काय सांगू! गावातली झाडून सगळी पोरं तिथं खेळत होती. साहेबांनी मोजली, पोरं त्रेचाळीस! माझा जीव भांड्यात पडला. मी छाती काढून माझ्या हुशार बिभीषणाला पुढं केलं.

"बेटा, वीसपर्यंत मोज," साहेब म्हणाले.

बिभीषणानं आपल्या आईकडं, कडूबाईकडं बघितलं. "मला मोजाया येत न्हाई."

"अरे, परवा पन्नासपर्यंत गेलास की!" मी ओरडलो.

"मी? कवाच न्हाई!"

मग जमील. बाप धान्याचा व्यापारी, पोरगं पोत्यांवर लोळत वाढलेलं. साहेबांनी विचारलं, "पायलीत शेर किती?"

"पायली काय असती?"

तिसऱ्याला विचारलं, हात का धुवावेत? ते म्हणालं, "आमी धुतच न्हाई!" आणि हात दाखवले. तेवढं मात्र खरं होतं.

मी कडूबाईला बाजूला घेतलं. "बाई, असं का करता? पोरांना सगळं येतंय!"

"रागावू नका मास्तर. पन पोरगं सोमवारी शिकतं आन् शनवारी सरकार दारात येतं. म्हनून काल सगळ्यास्नी बसवून सांगितलं, सरकारी मान्सानं इचारलं तर आपल्याला कायबी येत न्हाई. तुमी लई चांगलं शिकीवता, त्याचंच भ्या वाटतं बगा!"

साहेबांनी आंब्याखालीच शेरा लिहिला. 'मुले भरपूर आहेत, शाळा चालू ठेवावी. मास्तराने काहीही शिकवलेले नाही, मास्तर काढावा.'

म्हणजे शाळा वाचली! मला गहिवरून आलं, पण साहेबांना वाटलं मी पश्चात्तापानं रडतोय.

बैलगाडीत वळकटीवर बसून निघालो तेव्हा कुठं एक गोष्ट ध्यानात आली. अकरा पोरांना वीसपर्यंत न्यायला मला दोन पावसाळे लागले होते. कडूबाईनं त्रेचाळीस पोरांना एका दिवसात धडा दिला, आणि साहेबांपुढं एकही पोर चुकलं नाही! खरं सांगू? कुणाला बोलू नका, पण माझ्या जागी तिलाच नेमायला पाहिजे होतं.