दहा हजार सातांची वाटणी

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि जी संख्या कोणास भाग जाऊं देत नाहीं तीसही नमन असो. शके पंधराशें आठ, व्यय नाम संवत्सरीं महाराजांनीं शेजारियाचा गड घेतला आणि गडावरील माणसें, बायकापोरें सुद्धां, पायथ्याच्या कुंपणांत कोंडिलीं. राज्याचा रिवाज ऐसा कीं बंदिवानांचे सारखे वाटे पाडावे, एक वाटा कापावा, बाकीचे सोडावे. वाट्यांत एक माणूस उणेंअधिक जाहलें तर देवीचा कोप. आणि मोजणीस दर माणशीं एक खडा रांजणांत टाकावा, कुंपणांत ज्याचा खडा पडला तो बंदिवान. कारभारी नेहमीं दोनच वाटे मागत, म्हणजे निमे लोक मरत. मोठे भले गृहस्थ.

खडे दहा हजार सात भरले. वाटे पाडावयास दरबारचे गणक नागनाथ जोशी बसविले. त्यांची लेक सगुणा त्याच गडावर दिली होती, ती दिवस भरलेली कुंपणांत होती. जोशांनीं धूळपाटीवर दोहोंनीं भागिलें, तिहींनीं भागिलें, सातांनीं, अकरांनीं, ऐसें शंभरापावेतों भागिलें, आणि दर खेपेस कांहीं ना कांहीं उरलेंच. मग दरबारीं येऊन बोलिले, "महाराज, ही संख्या अभंग आहे. शंभरापुढें पाहणें नको. मोठा भाजक असता तर त्याचा जोडीदार शंभराखालीं सांपडता." कारभारी म्हणाले, "मग सगळ्यांचा एकच वाटा धरा आणि कापा." जोशी म्हणाले, "बाकीचे सोडावे ऐसी देवीची आण. बाकी कोणी उरलाच नाहीं तर सोडाल कोणास? दहा हजार सात वाटे करावे, वाट्यास एक माणूस. एकच मरेल." महाराजांनीं मान डोलविली आणि कारभाऱ्यांचें तोंड कडू जाहलें.

दुसरे दिवशीं कापण्यापूर्वीं रिवाजाप्रमाणें फेरमोजणी, आणि त्याच सकाळीं सगुणा प्रसूत जाहली, मुलगा जाहला. कारभारी म्हणाले, "जोशीबुवा, नातू झाला, साखर वांटा. आतां दहा हजार आठ. दोहोंनीं सरळ भाग जातो." बंदिवानांची पांचावर धारण बसली, आणि लिहावयास लाज वाटते, पण त्यांतलाच एक म्हणाला, "पोराचा गळा दाबा, म्हणजे संख्या पूर्ववत होईल." कोणी त्यास गप्प केलें नाहीं. सगुणेनें पोर पदराखालीं घेतलें.

जोशांनीं हें ऐकिलें आणि पुन्हा धूळपाटी पुढें ओढिली. मोजणी दोन प्रहरांपावेतों चालली, तितक्यांत त्यांनीं दहा हजार नवांस शंभरापावेतों भागून पाहिलें. तीही अभंग. मग पागोटें पाटीवर ठेविलें आणि कुंपणांत शिरोन रांगेच्या शेवटीं उभे राहिले; शेवटला खडा त्यांचा पडला. सगुणा म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडे कशाला?" ते म्हणाले, "एक कमी पडत होता, बाळ." आणि नातवाचें तोंड पाहिलें.

महाराज स्वतां चालत आले, म्हणाले, "जोशी, तुम्ही आमचे. बाहेर या."

"खडा पडला, महाराज. बाहेर आलों तर निमे मरतील."

"मग वाटा कोणाचा धरूं?"

"शेवटल्या खड्याचा."

महाराज मागें फिरले. मग जोशांस कापिलें आणि दहा हजार आठ माणसें सोडिलीं. गळा दाबा म्हणणाराही त्यांत सुटला. बाराव्या दिवशीं सगुणेनें मुलाचें नांव नागनाथ ठेविलें.

एकूण हकीकत इतकी. गणित चुकलें नाहीं, आणि त्या दरबारीं पुढें कोणी गणक राहावयास आला नाहीं.